लग्नाच्या मिस्सेत गायचं कोणी?

ताईच्या लग्नात माझ्या वाट्याला एकच काम आलं, ते म्हणजे पुस्तिका. आमच्या वसईत लग्नाची मिस्सा म्हटली की चर्चच्या प्रत्येक बाकावर एक छापील पुस्तिका असते. वर नवरा-नवरीची नावं, आत प्रवेशगीतापासून शेवटच्या गीतापर्यंत सगळा क्रम. "तू कंप्युटरवाला, तूच कर," असं म्हणून बाबांनी आधीच्या एका लग्नाची फाईल माझ्याकडे पाठवली. नावं बदल, तारीख बदल, छापायला दे. अर्ध्या तासाचं काम.

फाईल जुन्या फॉन्टमधली होती, त्यामुळे आधीची नावं शोधून एका फटक्यात बदलता येईनात. सगळी चौदा पानं ओळीने वाचावी लागली. अकराव्या पानावर, श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत, एक तिसरंच नाव सापडलं. ते ताईचं नव्हतं आणि ज्या जोडप्याची ही फाईल होती त्यांच्यापैकीही कोणाचं नव्हतं. त्याहून आधीच्या कुठल्यातरी नवरीचं ते राहून गेलेलं नाव. याचा अर्थ असा, की मधल्या त्या लग्नात सगळ्या गावाने भलत्याच मुलीच्या संसारासाठी प्रार्थना केली, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हटलं, आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही.

आमच्या धंद्यात असं रोज होतं. दुसऱ्याचा कोड उचलायचा, चालतोय ना, मग आत काय आहे ते बघायचं नाही. पण त्या नावाने मला अडवलं. जी संहिता म्हणताना चुकीचं नाव कानाला खटकत नाही, ती संहिता कोणी वाचतं का? आणि गाणी? ती तरी कोणी गातं का? या लेखात मी आमच्या लग्नाच्या मिस्सेकडे एखाद्या पुस्तकाकडे किंवा नाटकाकडे बघावं तसं बघणार आहे. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवून नाही, तो पोटात घेऊनच.

सुरुवात वाग्नरपासून करू, कारण घरातलं पहिलं भांडण त्याच्यावरून झालं. मामाचं म्हणणं, नवरी आत येताना कीबोर्डवर 'ते' वाजलंच पाहिजे. 'ते' म्हणजे सिनेमात नवरी पांढऱ्या झग्यात येताना वाजतं ते. फादरांनी नकार दिला. "ते ऑपेरातलं आहे," एवढंच म्हणाले.

ते आहेच ऑपेरातलं. रिचर्ड वाग्नरच्या 'लोहेनग्रिन'चा पहिला प्रयोग 1850मध्ये वायमारला झाला. ही धून त्यातल्या तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला येते. गंमत म्हणजे तिथे लग्न आधीच लागून गेलेलं असतं. वऱ्हाडी नवरा-नवरीला शयनगृहात पोचवायला निघालेत आणि तेव्हा हे समूहगीत गातात. एल्सा नावाच्या त्या नवरीला एक अट घातलेली आहे: नवऱ्याला त्याचं नाव विचारायचं नाही. त्याच रात्री तिला राहवत नाही, ती विचारते, आणि संसार सुरू होण्याआधीच मोडतो. शेवटी तो निघून जातो आणि ती कोसळते. चर्चमध्ये मिरवत येणाऱ्या मुलीसाठी याहून अवलक्षणी धून शोधून सापडणार नाही. बाहेर पडताना वाजणारा मेंडेल्सोनचा मार्च शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'साठी 1842मध्ये लिहिलेला. त्या नाटकात परीराणी गाढवाचं डोकं बसवलेल्या विणकराच्या प्रेमात पडते. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात, 1858 साली, हे संगीत वाजलं आणि राजघराण्याचं बघून बाकीच्यांनी उचललं. शूबर्टचं 'आवे मरिया' तर सगळ्यांना प्रार्थनाच वाटतं. मूळ गाणं मात्र वॉल्टर स्कॉटच्या 'द लेडी ऑफ द लेक' या दीर्घकाव्यातल्या एलेनच्या तोंडचं. लॅटिन प्रार्थनेचे शब्द त्या चालीवर नंतर बसवले गेले.

ही सगळी माहिती मी मामाला मोठ्या तोऱ्यात सांगितली. मामा म्हणाला, "मग काय झालं? इथे कोणाला जर्मन कळतं?"

उत्तर उद्धट होतं, पण विचार केल्यावर मला ते पटलं. उगम अपवित्र म्हणून धून अपवित्र, हा युक्तिवाद टिकत नाही. टिकला असता तर मराठी ख्रिस्ती साहित्याचा पायाच उखडला असता. फादर थॉमस स्टीफन्सने 'ख्रिस्तपुराण' लिहिलं ते ओवीत. 1616मध्ये ते राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. ओवी काही रोमहून आली नव्हती, ती जात्यावरची आणि ज्ञानेश्वरांची. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग घेतला, तो वारकऱ्यांचा. टिळक प्रॉटेस्टंट, आम्ही कॅथलिक, तरी आमच्या पिढ्या त्यांची गीतं गात आल्या. सूर आणि छंद घरं बदलतात. नव्या घरात किती वर्षं राबले, यावर ते त्या घरचे की नाहीत हे ठरतं.

म्हणून वाग्नरवरचा माझा आक्षेप वेगळा आहे. ती धून वाजते तेव्हा चर्चमधली चारशे माणसं काय करतात? मान वळवतात आणि मोबाइल वर करतात. धर्मसमुदायाचे ते एका क्षणात प्रेक्षक होतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज 4 डिसेंबर 1963ला जाहीर झाला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर, लोकांनी उपासना बघायची नाही, जाणीवपूर्वक आणि पूर्णपणे तीत भाग घ्यायचा. त्यासाठीच लॅटिनऐवजी लोकभाषेला वाव मिळाला. ही कसोटी लावली की वाग्नर नापास होतो, पण त्याच्यासोबत आणखीही बरंच काही नापास होतं. ताईच्या मैत्रिणीने सुचवलेला पगारी क्वायर मी ऐकून आलो. उत्तम मराठी गीतं, अप्रतिम तिहेरी सुरावट, मागे ड्रमचा ठेका. आणि खाली बाकांवर शांतता. गीतं मराठी होती, शब्द भक्तीचे होते, पण गाता येतील अशा पट्टीत नव्हती. लोकभाषेतली गाणी आणून लोकांचं तोंड बंदच ठेवायचं असेल, तर लॅटिन काय वाईट होतं?

आजीला लॅटिन आठवतं. तिचं लग्न 1963चंच, त्या दस्तऐवजाच्या काही महिने आधीचं. 'कीरिये'ची चाल ती अजून गुणगुणते. "कळत नव्हतं, पण सगळे म्हणायचो," ती म्हणते.

फक्त गाण्यांवर टीका करून थांबलो तर अन्याय होईल, कारण पुस्तिकेतली खरी संपत्ती वाचनांत आहे. लग्नासाठी मान्य वाचनांची यादी चांगली लांब आहे, आणि त्यातून निवडायचा अधिकार वधूवरांना आहे. तरी दहापैकी आठ पुस्तिकांत मला करिंथकरांस पहिल्या पत्रातला तेरावा अध्यायच दिसला, प्रीती सहनशील आहे वगैरे. उतारा सुंदर आहे, पण तो लग्नासाठी लिहिलेला नाही. करिंथची मंडळी आपापसात भांडत होती, कोणाची देणगी मोठी यावरून. पौल त्यांना झापतो आहे. हे लक्षात घेऊन वाचला तर उतारा लग्नालाही जास्त लागू पडतो, कारण मग प्रीती ही भावना राहत नाही, भांडणाऱ्या माणसांनी एकत्र राहायची रीत होते. त्यात सुरुवातीलाच प्रीती नसलेल्या बोलण्याला वाजणाऱ्या झांजेची उपमा आहे. ड्रमच्या ठेक्यानंतर दोन मिनिटांत हे वाचन येतं आणि कोणी हसत नाही, याचं मला नवल वाटतं.

ताईने इफिसकरांस पत्रातला पाचवा अध्याय सरळ नाकारला. "पत्नींनी अधीन असावं, हे मी माझ्याच लग्नात ऐकून घेणार नाही." फादरांनी शांतपणे सांगितलं की त्याचा छोटा पाठही मान्य आहे. त्यात ती वचनं वगळली आहेत. मी दोन्ही पाठ शेजारी ठेवून बघितले. छोटा पाठ दुसऱ्या वचनाच्या एका तुकड्यानंतर थेट पंचविसावर जातो. म्हणजे बावीस ते चोवीस गेली, ज्यांचा ताईला राग होता. पण एकविसावंही गेलं, आणि एकविसाव्यात तर सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन राहा असं म्हटलं आहे! पुढच्या सगळ्या उताऱ्याला जे वचन सरळ करू शकलं असतं, तेच कात्रीत सापडलं. अवघड मजकुराशी झगडण्याऐवजी तो वगळला की हे असं होतं. संपादनात हे नेहमी घडतं, कोडमध्येही.

शेवटी ताईने तोबितच्या पुस्तकातला आठवा अध्याय निवडला. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नाही आणि आमच्याकडेही फारसं वाचलं जात नाही. साराचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मेलेले. आठवा तोबिया. त्या रात्री तो आणि सारा उठून प्रार्थना करतात आणि शेवटी दोघं मिळून आमेन म्हणतात. मला एकदम वाग्नर आठवला. दोन्हीकडे लग्नाची पहिली रात्र, दोन्हीकडे भीती. एका खोलीत नवरीला प्रश्न विचारायला बंदी आहे, दुसऱ्या खोलीत दोघं एका आवाजात बोलतात. मामाला हे सांगितलं असतं तर तो पुन्हा म्हणाला असता, मग काय झालं. पण संगीत आणि वाचन यांची निवड एका हाताने करायला हवी ती यासाठी. आमच्याकडे वाचनं फादर ठरवतात, गाणी क्वायर ठरवतो, आणि सजावट करणारा दोघांपेक्षा जास्त ठरवतो.

आता संमतीविधी. कॅथलिक विवाहातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी ऐकली जाणारी जागा. सिनेमामुळे लोकांना वाटतं की फादर लग्न लावतात. तसं नाही. हा संस्कार वधूवर एकमेकांना देतात, आणि फादर चर्चच्या वतीने त्यांची संमती स्वीकारतात. बापाने मुलगी 'देण्याचा' प्रश्न या विधीत कुठेच नाही. 1969च्या विधीनुसार फादर दाराशी येऊन दोघांचं स्वागत करू शकतात आणि मग वधूवर सोबतच, आईबापांसह, आत येऊ शकतात. तरी आम्ही नवऱ्याला वेदीपाशी उभं करतो आणि बापाच्या हाताला धरून नवरी आणतो. पुस्तकात जी समानता आहे ती आम्ही सिनेमा बघून मोडतो.

संमतीत दोघांनी स्वतःचं नाव घ्यायचं, समोरच्याचं नाव घ्यायचं आणि आमच्या पुस्तिकेप्रमाणे 'तुला' म्हणायचं. मराठीत हे साधं नाही. आमच्या घरात आजोबांना आजी कधी 'तू' म्हणाली नाही आणि त्यांचं नाव तिने कधी घेतलं नाही. मराठीत बायकोला नवऱ्याचं नाव घ्यायला उखाण्याचा आडोसा लागतो. पुस्तिका छापायच्या आधी मी ते पान आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझ्या लग्नात फादरांनी विचारलं तेव्हा मी नाव घेतलं. तेवढंच एकदा." मिस्सा लॅटिनमध्ये असली तरी संमती तिला कळेल अशा भाषेत घेतली गेली होती. आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली. मला तोवर वाटायचं की उपासनेची मराठी पुस्तकी आहे, जड आहे, घरच्या कादोडीशी तिचं काही नातं नाही. ती तशी आहेही. पण घरच्या भाषेने आजीला जे कधी म्हणू दिलं नाही, ते या परक्या भाषेने एकदा म्हणायला लावलं होतं. भाषेवर टीका करताना हेही मांडायला हवं.

उलट कादोडीतली बायकांची लग्नगीतं चर्चच्या आवाराबाहेर राहिली. मांडवात, हळदीला, अंगणात ती गायली जातात, पुस्तिकेत त्यांना पान नाही. आजीची इच्छा होती की एक तरी गाणं चर्चमध्ये व्हावं. फादरांनी मजकूर बघितला. त्यात विहिणीची थट्टा होती. हसले आणि म्हणाले, मिस्सेत नाही. त्यांचं बरोबर होतं. उपासनेतल्या गीताने उपासनेचं काम करावं, ही अट मला मान्य आहे. पण मग मी त्यांना दाराशी होणाऱ्या स्वागताची आठवण केली. मिस्सा दाराच्या आत सुरू होते. दाराबाहेर काय?

लग्नाच्या दिवशी ताई आणि भावोजी चर्चच्या पायऱ्यांवर सोबत उभे होते, दोन्हीकडचे आईबाप मागे. आजी आणि चार बायका गायल्या. माईक नव्हता, सूर एकमेकींना सोडून चालले होते, थट्टेच्या कडव्याला विहीणबाई खरंच रुसल्यासारख्या झाल्या. क्रूस घेतलेला मुलगा थांबून राहिला. मग घंटा झाली आणि आत प्रवेशगीत सुरू झालं. क्वायर मास्तरांनी विनंतीवरून पट्टी दोन स्वर खाली घेतली होती. सगळे गायले असं म्हणणार नाही. पहिल्या सात-आठ बाकांनी गायलं, मागच्यांनी दुसऱ्या कडव्याला धरलं. मामा गायला नाही. तो व्हिडिओ काढत होता.

श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत नाव ताईचंच होतं. मी चार वेळा तपासलं होतं. एक चूक तरीही राहिलीच, सातव्या पानावर भावोजींच्या नावातली वेलांटी. आजीने चष्मा न लावता ती दाखवली. आता ती फाईल चुलतभावाने मागितली आहे, मेमध्ये त्याचं लग्न आहे. मी युनिकोडमध्ये करून दिली, आणि नावांच्या सगळ्या जागा कोऱ्या ठेवल्या.