सात वाक्यांची पाणचक्की

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन पाणचक्कीला गेलो होतो. ती छत्रपती संभाजीनगरातच शिकते, सहावीत, सेमी इंग्रजीला. सेमी म्हणजे इतिहास-भूगोल मराठीत आणि गणित-विज्ञान इंग्रजीत. गावातली एखादी जागा बघून तिच्यातलं विज्ञान इंग्रजीत लिहून आणा, असं वर्गात सांगितलं होतं. हौदाशेजारच्या जुन्या वडाखाली बसून, वही गुडघ्यावर टेकवून तिने सात वाक्यं लिहिली:

द वॉटर कम्स फ्रॉम हर्सूल.
इट कम्स अंडर द ग्राउंड.
इट गोज अप द वॉल.
इट फॉल्स इनटू द टँक.
इट टर्न्स द व्हील.
द स्टोन मेक्स फ्लोअर.
द फ्लोअर ऑफ द टँक इज द रूफ ऑफ द हॉल.

“मामा, फार छोटं झालं का?” असं तिने विचारलं. मी वही घेतली आणि एखादी कविता वाचावी तशी ती सात वाक्यं वाचत बसलो. हे त्यांचं रसग्रहण.

आधी थोडं संदर्भासाठी. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांचा दर्गा आहे. त्याच्याच आवारात ही अठराव्या शतकातली पाणचक्की. येणाऱ्या-जाणाऱ्या फकिरांना, यात्रेकरूंना भाकरी मिळावी म्हणून इथे पाण्याच्या जोरावर धान्य दळलं जाई. पाणी येई हर्सूलच्या अंगाच्या एका विहिरीतून. अंतर काही किलोमीटर. एवढी सगळी वाट मातीच्या भाजलेल्या नळ्यांतून, जमिनीच्या पोटातून. जमिनीखालून पाणी खेळवण्याची विद्या या शहराला नवी नव्हती. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली, तेव्हापासून नहरी, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या वाटा, या गावाच्या अंगात मुरल्या आहेत.

आता पहिलं वाक्य. त्यात ‘फ्रॉम’ आहे आणि तो हर्सूलच्या आधी आला आहे. मराठी मुलाला इंग्रजीत पहिली ठेच इथेच लागते. आपण ‘हर्सूलहून’ म्हणतो, आपला प्रत्यय नामाच्या पाठीला चिकटून येतो. इंग्रजीचा शब्द पुढे चालतो आणि नाम त्याच्या मागून येतं. याच जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांनी 2020 साली रोबो आवडतात म्हणून जपानी शिकायला घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या, तेव्हा अनेकांना नवल वाटलं. मला ती निवड शहाणपणाची वाटली, कारण जपानीतही असले छोटे शब्द नामाच्या मागेच लागतात आणि क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. इंग्रजी त्या मानाने परकी. म्हणून मराठी मूल जेव्हा ‘फ्रॉम’ योग्य जागी ठेवतं, तेव्हा त्याने डोक्यातल्या डोक्यात आख्खं वाक्य उलटं फिरवलेलं असतं.

वही पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं की सगळी पाणचक्की या असल्या छोट्या शब्दांवरच उभी आहे. फ्रॉम, अंडर, अप, इनटू. हे चार शब्द पुसा आणि काय उरतं ते पाहा: पाणी, हर्सूल, जमीन, भिंत, हौद. वस्तूंची यादी उरते, यंत्र नाहीसं होतं. नामं सांगतात काय काय आहे. ते कसं चालतं हे मात्र ‘हून’, ‘खाली’, ‘वर’, ‘आत’ हे शब्द सांगतात. सी. के. ऑग्डेन या इंग्रज अभ्यासकाने 1930 साली परक्यांसाठी 850 शब्दांची सोपी इंग्रजी मांडली, तेव्हा त्याने क्रियापदं फक्त अठराच ठेवली. कम, गो, मेक, बी यांसारखी. बाकीचा भार त्याने अप, डाउन, थ्रू अशा शब्दांवर टाकला. माझ्या भाचीच्या सात वाक्यांत क्रियापदं सहा, आणि त्यांतली चार ऑग्डेनच्या यादीतली. तिने ऑग्डेनचं नावही ऐकलेलं नाही. सोपं लिहू पाहणारा माणूस बहुधा याच वाटेने जातो.

तिसरं वाक्य म्हणजे या रचनेचं शिखर. ‘इट गोज अप द वॉल.’ आतापर्यंत पाणी शहाण्यासारखं वागत होतं. इथे ते भिंत चढतं. तिथे उभं राहिलेल्या प्रत्येकाला हाच चमत्कार दिसतो: भिंतीच्या माथ्यावरून पाणी हौदात कोसळतंय आणि वर पाणी ओतणारं कोणी नाही. सांगणारे ‘सायफन’ म्हणतात आणि पुढे जातात. भाचीने तो शब्द लिहिला नाही. तिला तो येत नव्हता म्हणूनही असेल, पण वाक्याचा त्यात फायदाच झाला. खरा सायफन म्हणजे बादलीच्या काठावरून बाहेर लोंबणारी नळी: पाणी आधी काठाच्या वर चढतं आणि मग बादलीच्या पातळीच्या खाली उतरतं. इथे चाल उलटी आहे. पाणी आधी खाली जातं, जमिनीखालून येतं आणि शेवटी वर चढतं. मोठा शब्द आला असता तर वाचणाऱ्याचा प्रश्न तिथेच मिटला असता, आणि मिटला असता तोही चुकीच्या उत्तराने. ‘गोज अप’ने तो उघडा ठेवला.

उत्तर तिला तिच्या आजोबांच्या घराच्या बांधकामावर मिळालेलं होतं, फक्त तिला ते माहीत नव्हतं. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतो. एक टोक एका भिंतीला लावतो, दुसरं टोक पार पलीकडच्या भिंतीला. मधली नळी जमिनीवर कशीही वेडीवाकडी पडलेली असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच रेषेत उभं राहतं. तीच लेव्हल. आता कल्पना करा की ही नळी काही किलोमीटर लांब आहे. एक टोक हर्सूलच्या विहिरीत, दुसरं दर्ग्याच्या भिंतीत. विहिरीचं पाणी भिंतीच्या माथ्यापेक्षा उंचावर असेल, तर नळीतलं पाणी भिंतीत चढणारच, आणि माथ्यावरून सांडणारच. नळीच्या भिंतींशी घासत आल्यामुळे वाटेत थोडी उंची हरवते. म्हणून माथा विहिरीच्या पातळीपेक्षा बराच खाली ठेवावा लागतो. हा हिशेब बांधणाऱ्यांनी पंपाशिवाय, विजेशिवाय केला.

म्हणजे ‘अप’ हा शब्द भिंतीपुरताच खरा. पूर्ण प्रवास ‘डाउन’चाच आहे. पाणी चढतं, कारण अजून त्याचं उतरणं शिल्लक आहे. मला विचाराल तर या सात ओळींचा रस याच जागी साचला आहे. एका छोट्या शब्दाला दुसरा छोटा शब्द आतून खोडतो आणि तरी दोघेही खरे राहतात.

घरी परतताना भाचीने नळाचा विषय काढला. आपल्याकडे पाण्याचा वार घरोघरी पाठ असतो, त्यामुळे मुलांनाही हा विषय मोठ्यांइतकाच जवळचा. तिला सांगितलं की आपलं नळाचं पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं. अंतर पन्नासेक किलोमीटर. पण नाथसागर शहरापेक्षा शंभरेक मीटर खाली आहे. म्हणून तिथे मोठमोठे पंप पाणी ढकलत बसतात आणि विजेचं बिल भरावं लागतं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “म्हणजे हर्सूलचं पाणी डाउन येतं आणि पैठणचं अप.” दोन शब्द. एका शब्दावर चक्की फुकट फिरत होती, दुसऱ्यावर बिल येतं.

चौथ्या वाक्यातला ‘इनटू’ नीट पाहा. ‘इन’ म्हणजे आत असणं, ‘इनटू’ म्हणजे बाहेरून आत जाणं. मराठीत आपण दोन्हीला ‘हौदात’ म्हणतो: पाणी हौदात आहे आणि पाणी हौदात पडतं. फरक क्रियापदावर सोडून देतो. इंग्रजी तो त्या छोट्या शब्दातच उचलून घेते. आता हिशेब बरोबर उलटा करू. पाचव्या वाक्यात ‘टर्न्स’ आहे. इंग्रजीत चाक फिरलं तरी ‘टर्न’ आणि पाण्याने चाक फिरवलं तरी ‘टर्न’. मराठीत चाक फिरतं, पाणी फिरवतं. ‘व’ हे एक अक्षर आलं की वाक्यात कोणाचा तरी जोर लागलेला असतो. हौदातल्या पाण्याची धार खालच्या चाकाच्या पात्यांवर आदळते, चाकाच्या उभ्या दांड्यावर वरची तळी फिरते, आणि जातं चालू होतं. कोण फिरवतं आणि कोण फिरतं, ही विज्ञानातली मोठी विचारणा आहे. ती मराठी मुलाच्या तोंडी व्याकरणातूनच आलेली असते. सेमीच्या वर्गात इंग्रजी शब्द शिकवताना ही आयती शिदोरी बाजूला पडू नये, एवढंच वाटतं. ‘इव्हॅपोरेशन’ अवघड म्हणून ‘बाष्पीभवन’ सांगितलं तर मूल एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जातं. कपडे वाळतात, घाम सुकतो, हौदातलं पाणी आटतं: ही तीन क्रियापदं ज्याच्याकडे आहेत, त्याला पाणी हवेत जातं हे अर्धं कळलेलंच असतं.

दुसऱ्या वाक्यापासून पाचव्यापर्यंत कर्ता एकच आहे: ‘इट’. चार ओळी तोच ‘इट’ जमिनीखालून येतो, चढतो, पडतो, फिरवतो. कंटाळवाणं वाटावं असं हे पुनरावर्तन. पण सहाव्या ओळीत कर्ता बदलतो, ‘द स्टोन’ येतो. चक्कीत पाण्याचं काम जिथे संपतं आणि दगडाचं सुरू होतं, अगदी तिथेच वाक्यातून पाणी बाहेर पडतं. मुलीने हे ठरवून केलं नसेल. पण नीट पाहून लिहिलं की वाक्याची शिस्त वस्तूकडूनच येते.

आता सहाव्या ओळीतली चूक. पिठासाठीचा इंग्रजी शब्द तिने एफ-एल-ओ-ओ-आर असा लिहिला. म्हणजे दगड फरशी बनवतो! मी हसलो, तीही हसली. पण सातवी ओळ वाचल्यावर हसू थांबलं, कारण त्यात तोच शब्द बरोबर अर्थाने आला होता. पाणचक्कीच्या हौदाखाली एक मोठा दालनासारखा भाग आहे; हौदाचा तळ हेच त्याचं छत. उन्हाळ्यात वरच्या पाण्यामुळे आणि त्याच्या सतत होणाऱ्या वाफेमुळे खालची जागा गार राहते. इथे ‘कोल्ड’ म्हणून चालणार नाही, ‘कूल’च म्हणायला हवं. आपण ‘गार’ आणि ‘थंड’ यांत जो फरक ऐकतो, तोच तो. माशासाठी जो तळ, तोच खाली पथारी पसरलेल्या मुसाफिरासाठी छत. वर आणि खाली हे जागेचे गुण नसतात, आपण कुठे उभे आहोत त्यावर ते ठरतात. तिसऱ्या ओळीत भिंत चढणाऱ्या पाण्याने हेच सांगितलं होतं. शेवटची ओळ तीच गोष्ट हौदाच्या तळाशी पुन्हा सांगते.

सुट्टी संपल्यावर वही तपासून आली. लाल पेनाने दोन दुरुस्त्या होत्या. फ्लोअरच्या जागी पिठाचं स्पेलिंग. आणि ‘मेक्स’ खोडून ‘मेड’, कारण चक्कीत आता दळण होत नाही.

भाची जरा हिरमुसली. मी म्हणालो, “बाईंचं बरोबर आहे.” तिने वही पुन्हा वाचली आणि विचारलं, “मग ‘गोज अप’ का नाही खोडलं?”

मी तिला म्हटलं, त्याचं उत्तर तुझ्या आजोबांच्या गवंड्याकडे आहे. दगडाचं काम भूतकाळात गेलं. पण नळीचं हर्सूलकडचं टोक उंचावर असेल, तोवर पाणी वर चढतंच.