विजय साजरा झाला, तह राहून गेला



वाणगावात या विषयावर बोलायचं तर एक सोय आहे. ज्या युद्धाबद्दल मी बोलणार, त्याची जागा पुस्तकात शोधावी लागत नाही. चिंचणीला उतरलं, खाडी ओलांडली की तारापूरचा किल्ला. 1739 च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेनं तो पोर्तुगीजांकडून घेतला. पुढे फेब्रुवारी ते मे वसईचा वेढा चालला आणि 1534 पासून वसईवर असलेली पोर्तुगीजांची सत्ता संपली. आपण हिला वसईची मोहीम म्हणतो, पण तिचा बराच रक्तपात आपल्या अंगणात झालेला आहे.

आपल्या भागातल्या एका महाविद्यालयानं या मोहिमेवर तीन दिवसांचे जाहीर कार्यक्रम केले होते. नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोष त्या एका कॉलेजचा नाही. आणि दुसरं म्हणजे, व्यासपीठावर मी स्वतः बसलो होतो. तेव्हा आज जी टीका करणार आहे तिच्यातली अर्धी माझ्यावरच आहे, असं समजा.

आधी चांगलं ते सांगतो. दुसऱ्या दिवशीची किल्ल्याची सहल उत्तम झाली. मोबाइलमध्ये मान घालून आलेली पोरं तटाजवळ गेल्यावर थांबली, चुन्यावरून हात फिरवायला लागली. ‘इथं सुरुंग लावला म्हणजे नेमकं काय केलं?’ असं विचारायला लागली. इतिहास असाच सुरू होतो. पहिल्या दिवशी व्याख्यान, तिसऱ्या दिवशी पोवाडा, वक्तृत्व स्पर्धा, बक्षीस समारंभ. सभागृह भरलेलं. घोषणा झाल्या, टाळ्या झाल्या.

पण तीन दिवसांत युद्ध कुठं होतं? विजय होता. युद्ध नव्हतं.

म्हणजे काय, ते सांगतो. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर हे नामांकित सरदार पडले. तोंडाला गोळी लागून गेले. बाजीराव पेशव्यांनी त्यांच्या आईला जे सांत्वनाचं पत्र लिहिलं, ते प्रसिद्ध आहे. त्याचा आशय इतकाच, की माझाही भाऊच गेला, आता मीच तुमचा बाजीराव. राज्याचा पेशवा एका म्हाताऱ्या आईपुढे निरुत्तर झालेला आहे, असं ते पत्र. ते या किल्ल्याबद्दलचं पत्र आहे हो! आणि आम्ही याच किल्ल्यात मुलांना नेऊन ते वाचून दाखवलं नाही. का? तर त्यानं वीररस बिघडला असता.

दुसरी गोष्ट याहून मोठी. कुठल्याही विद्यार्थ्याला ‘वसईचा तह’ म्हणा, तो 1802 सांगेल. 31 डिसेंबर 1802, दुसरा बाजीराव, इंग्रजांची तैनाती फौज. बरोबर आहे, परीक्षेत तेच येतं. पण 1739 च्या मे महिन्यातही वसईत एक करार झाला होता. शरणागतीच्या अटी ठरल्या होत्या. पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, निशाणं फडकवत, नगारे वाजवत बाहेर पडू द्यायचं. कुटुंबांना आपली चीजवस्तू नेऊ द्यायची. आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना त्यांचा धर्म पाळू द्यायचा.

आता ही अट कोण मान्य करतंय ते बघा. पोर्तुगीज अमलात या पट्ट्यात देवळं पडली होती, धर्माच्या बाबतीत जुलूम झाला होता. ते कमी करून सांगायचं कारण नाही. मोहिमेमागे तो रागही होता. वेढ्यात हजारो माणसं मेलेली. इतकं झाल्यावर जिंकणारा हे कबूल करतो. माझ्या मते मोहिमेतला हा सगळ्यात विचार करायला लावणारा क्षण आहे, आणि त्यावर तीन दिवसांत एक वाक्य बोललं गेलं नाही.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे कांट आठवणारच. 1795 साली त्यानं शाश्वत शांततेवर छोटा निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो, की युद्ध चालू असतानासुद्धा असं काही करू नये, ज्यामुळे पुढे एकमेकांवर विश्वास ठेवणंच अशक्य होईल. वसईच्या अटी त्याच्या 56 वर्षं आधीच्या. हे मी कौतुकानं सांगतो, पण पुढचंही सांगितलं पाहिजे. कागदावरची अट आणि जमिनीवरचं वागणं यांत अंतर पडलंच. वसईच्या कोटातली चर्च ओस पडली, त्यांच्या घंटा घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे. वाईजवळ मेणवलीला एक आहे, 1707 सालची, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. आपण ती बघतो, ‘विजयाची खूण’ म्हणतो आणि फोटो काढतो. जी घंटा कुणाच्या तरी गावात रोज वाजत होती, तिच्याबद्दल दुसरंही काही मनात यायला हरकत नसावी.

तरी तो समाज राहिला. शेती करत, वाड्या शिंपत, सामवेदी बोलत, मराठीत लिहित राहिला. त्याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. युद्धाचा वारसा म्हणतात तो हाच. तटबंदी हा त्यातला दगडाचा भाग झाला.

आता माझ्या चुकीकडे येतो. समारोपाला प्रश्नोत्तरं होती. मागच्या रांगेतून एक मुलगी उठली, वाणगावच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरची, वारली. तिनं विचारलं, ‘सर, तेव्हा आमचे लोक कुठल्या बाजूनं होते?’ सभागृहात थोडं हसू फुटलं. मी माइक घेतला आणि म्हणालो, ‘बाळ, तेव्हा सगळे एकाच बाजूला होते.’ टाळ्या पडल्या. ती खाली बसली.

मित्रहो, ते उत्तर खोटं होतं. मला तेव्हाही माहीत होतं. कागदांत नावं येतात ती सरदारांची, कप्तानांची, किल्ल्यांची. सुरुंग खणणारे, ओझी वाहणारे, ज्यांच्या रानातून फौजा गेल्या ते, हे आकड्यांत येतात किंवा येतच नाहीत. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं होतं: ‘तुझा प्रश्न या तीन दिवसांतला सगळ्यात चांगला आहे, आणि तो आम्ही कागदांना विचारलेला नाही.’ एवढं म्हणायला मला जड का गेलं? कारण कार्यक्रमाला गालबोट लागलं असतं. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला गालबोटाची भीती वाटली!

म्हणून माझं म्हणणं असं. असे कार्यक्रम बंद करू नका, पोवाडाही हवा. फक्त त्याच सभागृहात 1739 च्या अटी मोठ्यानं वाचा. य. न. केळकरांचं ‘वसईची मोहीम’ आणि पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरातून काढलेलं साहित्य, दोन्ही मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवा. वसईहून एखादा ख्रिस्ती शेतकरी बोलवा, पाड्यावरची एखादी आजी बोलवा. आणि प्रश्नोत्तरांना बक्षीस समारंभापेक्षा जास्त वेळ द्या.

ती मुलगी आज कुठं आहे, मला माहीत नाही. हे रेकॉर्डिंग तिच्यापर्यंत पोचलं तर बरं. बाई गं, तुझं उत्तर अजून द्यायचं राहिलंय.

आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.