राक्षसाचा रकाना : जुन्या भूमिका-खेळांतील भारत आणि कापूरहोळचा आसमंत

पटाभोवती बसून खेळावयाच्या भूमिका-खेळांचे नियमग्रंथ वाङ्मयाच्या अभ्यासकाने चाळावेत असे साहित्य नव्हे, असा एक समज आढळतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनी सिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळापासून ही परंपरा रूढ झाली. एक सूत्रधार प्रसंग सांगतो. इतर खेळाडू आपापल्या पात्राची भाषणे व कृती आयत्या वेळी रचतात. कृती साधली की फसली याचा निवाडा फासे करतात. मराठी वाचकाला ही रचना अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हा पदे सूत्रधारच म्हणत असे आणि पात्रे समयस्फूर्तीने बोलत. फरक आहे तो फाशांचा, आणि त्याहूनही नियमग्रंथाचा. त्या ग्रंथात जे लिहिले असेल ते खेळातील सृष्टीचे सत्य होऊन बसते.

१९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या ग्रंथात राक्षसाची नोंद आहे. प्रत्येक प्राण्यासाठी जो ठराविक तक्ता त्यात योजिला आहे, त्याच तक्त्यात राक्षसही बसविला आहे : तो किती वेळा आढळतो, त्याचे कवच केवढे, वेग किती, त्याच्यापाशी धन कोणत्या प्रकारचे असते, आणि त्याची प्रवृत्ती कोणती. प्रवृत्तीच्या रकान्यात दुष्टता कायमची मुक्रर केली आहे. हे जीव प्रथम भारतात आढळले व आता अन्यत्र पसरत आहेत, असेही वर्णनात सांगितले आहे. एखाद्या साथीच्या रोगाविषयी लिहावे तसा हा सूर आहे. सोबतच्या, डेव्हिड ट्रॅम्पिअर यांनी काढलेल्या चित्रातील राक्षस वाघाच्या तोंडाचा असून झगा घालून ऐटीत चिलीम ओढीत बसला आहे. चित्र म्हणून ते उत्तम आहे, हे मान्य केले पाहिजे. पुढील चाळीस वर्षे या खेळातील राक्षस वाघमुखीच राहिला, यातच त्याचे सामर्थ्य दिसते.

या नोंदीचा उगम मात्र रामायणात शोधून सापडत नाही. समोरच्याला विश्वासू माणसाच्या रूपात दिसणे आणि मंतरलेल्या बाणानेच मरणे, ही दोन्ही लक्षणे १९७४ मध्ये दाखविल्या गेलेल्या ‘कोल्चॅक : द नाइट स्टॉकर’ या दूरचित्रवाणी-मालिकेतील शिकागोच्या एका कथेत जशीच्या तशी आहेत. पुराणातील एक शब्द मालिकेत गेला, मालिकेतून नियमात आला आणि नियमातून जगभरच्या खेळाडूंच्या तोंडी बसला. या प्रवासात राक्षसाची वंशावळ गळून पडली. बिभीषण गळाला, तसाच दैत्यकुळातील प्रल्हादही.

येथे एक आक्षेप उपस्थित होऊ शकेल. खेळाला शत्रू लागतोच, आणि शत्रू दुष्टच असावयाचा. त्यात एवढे काय? या आक्षेपाचे उत्तर देण्यास फार दूर जावयास नको. पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ येथून एक फाटा पश्चिमेस भोरकडे जातो आणि दुसरा पूर्वेस नारायणपूरवरून, पुरंदरच्या पायथ्याने सासवडकडे. सासवडच्या पुढे जेजुरी. तेथल्या खंडोबाच्या कथेत मणी आणि मल्ल हे दोन दैत्य बंधू शत्रू आहेत. कथा युद्धाचीच आहे व त्यात रक्तही सांडते. पण मणी अखेरीस शरण येतो, आपला घोडा देवाला देतो आणि देवासन्निध राहण्याचा वर मिळवितो. त्याची मूर्ती जेजुरीस पुजली जाते. मल्लाचे नाव देवाच्या ‘मल्हारी’ या नावात आधी येते. म्हणजे शत्रुत्व पूर्ण आहे, परंतु प्रवृत्ती जन्माने शिक्कामोर्तब झालेली नाही. हीच कथा जुन्या नियमग्रंथाच्या तक्त्यात मांडू गेल्यास मणीची नोंद करताच येणार नाही. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) बळीराजाला नायकत्व देऊन संपूर्ण पुराणच उलटे वाचले होते. तेवढ्या टोकाला न जाताही परंपरेच्या आत ही लवचिकता होती, हा मुद्दा ध्यानात घेतला पाहिजे.

अर्थात मराठी रंगभूमीचे हात याबाबतीत स्वच्छ आहेत असे नाही. विष्णुदासी नाटकांना ‘अललडुर्र’ हे थट्टेचे नाव पडले ते राक्षसपात्रांच्या आरोळ्यांमुळेच. तो राक्षसही ठोकळेबाजच होता. परंतु त्याच्या आरोळीवर प्रेक्षक हसू शकत होता. आरोळी हा नियम नव्हता. कादंबरीतील वा नाटकातील पूर्वग्रह वाचक अथवा प्रेक्षक नाकारू शकतो. नियमातील पूर्वग्रह खेळाडूला स्वतःच्या हाताने, फासे टाकून, अमलात आणावा लागतो. या साहित्यप्रकारातील ठोकळ्यांचे खरे स्थान चित्रांत वा वर्णनांत नसून रकान्यांत आहे, आणि समीक्षेने तेथेच पाहावयास हवे.

त्याच ग्रंथात ‘माणसे’ या शीर्षकाखाली लुटारू, चाचे, व्यापारी आणि यात्रेकरू यांच्याबरोबरच दरवेशी, भटके आणि टोळीवाले यांच्याही नोंदी आहेत. नारायणपूरला जाणारा यात्रेकरू आणि कळप घेऊन घाट उतरणारा धनगर हे दोघेही या हिशेबाने राक्षसाच्या शेजारी बसतात! हे वाचून हसू येते; परंतु ज्या प्रदेशाने हाच हिशेब कायद्याच्या रूपाने भोगला आहे तेथे ते हसू फार टिकत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यासही लागू करण्यात आला आणि पारधी, कैकाडी अशा जमातींची प्रवृत्ती जन्मावरून ठरविली गेली. सोलापूरला तारेच्या कुंपणातील वसाहत उभी राहिली. देशभर हा कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडले. खेळाच्या कर्त्यांना या कायद्याची माहिती असण्याचे कारण नव्हते. तथापि दोन्ही तक्त्यांची घडण एकच आहे.

१९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या ग्रंथात इंद्र, वरुण, विष्णू, काली यांना किती घाव सोसवतात याचे आकडे दिले आहेत. ग्रीक व नॉर्स देवांचीही तीच गत आहे, म्हणून याला केवळ भारतद्वेष म्हणता येणार नाही. उद्बोधक गोष्ट निराळीच आहे. लव्हक्राफ्ट व मूरकॉक या लेखकांच्या कल्पित दैवतांवरील प्रकरणे हक्कांचा प्रश्न निर्माण होताच पुढील मुद्रणांतून वगळण्यात आली. ज्यांची पूजा होते ते देव मात्र बेवारस मालाप्रमाणे राहिले.

व्यक्तिरेखांकडे वळले की उणीव आणखी स्पष्ट होते. कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांचे नाव मराठी इतिहासात राहिले ते पुरंदरावर १४ मे १६५७ रोजी जन्मलेल्या संभाजीराजांना त्यांनी दूध पाजले म्हणून. जुन्या नियमग्रंथातील मुख्य पेशे चार : योद्धा, पुरोहित, जादूगार आणि चोर. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये तर स्त्रीपात्राच्या बळाला पुरुषापेक्षा कमी मर्यादा घालून दिली आहे. ज्या खेळात राजपुत्र, किल्ले आणि वेढे यांचा सुकाळ आहे, तेथे राजपुत्र जगविणारी दाई मोजण्यास एकही आकडा नाही. धाराऊंना मराठी ललित लेखनानेही बहुधा निष्ठेच्या एकाच मुद्रेत उभे केले आहे. पण निदान उभे केले आहे.

खेळाच्या प्रकाशकांनी २०२० मध्ये जुन्या ग्रंथांच्या विक्रीस ठेवलेल्या प्रतींना, त्यांत पूर्वग्रह असल्याची सूचना जोडली. ग्रंथ मागे घेण्यापेक्षा हे बरे झाले. पुरावा नाहीसा केल्याने अभ्यास होत नाही. परंतु सूचना मुखपृष्ठापाशी थांबते, रकान्यापर्यंत पोहोचत नाही. २०२४ च्या नव्या नियमग्रंथात ‘वंश’ या अर्थाच्या शब्दाऐवजी ‘जाती-प्रकार’ या अर्थाचा शब्द आला, तो बदलही पुष्कळसा शब्दापुरताच आहे. अधिक मोलाचा प्रयत्न २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडिअंट सिटाडेल’ या संग्रहात दिसतो. त्यातील ‘शंखभूमी’ हा नद्यांचा प्रदेश कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी रचला आहे. तेथील गावांना, पाण्याला आणि दैवतांना रहिवाशाच्या नजरेचा स्पर्श आहे. दख्खनच्या कोरड्या पठाराला, मणीच्या घोड्याला आणि कापूरहोळच्या फाट्याला असा रचनाकार मिळाल्यास त्याला पहिले काम वर्णने सुधारण्याचे नसून प्रवृत्तीचा रकाना रिकामा सोडण्याचे करावे लागेल.