उपग्रहांचे कार्यवाटप आणि न्यायाची व्याप्ती

पृथ्वीची छायाचित्रे घेणाऱ्या उपग्रहांमध्ये कामांचा समन्वय कसा साधावा, हा विषय बहुधा गणिती कार्यक्षमतेचा मानला जातो. त्यातील न्यायाचा प्रश्न स्पष्टपणे मांडणाऱ्या आरंभीच्या निबंधांत लमेत्र, व्हर्फायी व बताय या फ्रेंच संशोधकांच्या १९९९ सालच्या निबंधाची गणना करावी लागेल. प्रस्तुत टिपणात त्याच्या गृहीतकांची चिकित्सा केली आहे.

अनेक भागीदारांच्या खर्चातून उभा राहिलेला उपग्रह दुसऱ्या दिवशी कोणती छायाचित्रे घेईल, हे ठरविणे हा निबंधाचा विषय. उपग्रह कोणत्याही स्थळावरून झपाट्याने पुढे सरकतो. त्यामुळे जवळजवळच्या दोन मागण्यांपैकी एक अनेकदा सोडावी लागते. कार्यक्षमता आणि न्याय यांचा येथे विरोध येतो, हे लेखक लपवीत नाहीत. न्यायाला अग्रक्रम, कार्यक्षमतेला अग्रक्रम आणि तडजोडींचा संच असे तीन मार्ग ते सुचवितात. हे निबंधाचे बलस्थान होय.

तथापि दोन गृहीतके तपासावयास हवीत. पहिले, न्याय म्हणजे आर्थिक वाट्याच्या प्रमाणात लाभ. ज्याच्या भूमीवरून उपग्रह जातो, पण ज्याने वाटा उचललेला नाही, तो या हिशेबात येतच नाही. दुसरे, छायाचित्राचे मूल्य ते मागणाऱ्यापुरतेच असते. वस्तुतः पुराचे चित्र कोणीही मागविलेले असो, ते नदीकाठच्या प्रत्येक गावाच्या उपयोगाचे असते.

उपग्रह एकाहून अधिक झाले म्हणजे ही गृहीतके अधिकच तोकडी पडतात. नोव्हेंबर २००० मध्ये कार्यान्वित झालेल्या अवकाश व महाआपत्तीविषयक आंतरराष्ट्रीय सनदेनुसार सदस्य-संस्था आपत्तिग्रस्त प्रदेशासाठी आपापल्या उपग्रहांची चित्रे विनामूल्य देतात. 'इस्रो' २००१ मध्ये तीत सहभागी झाली. येथे वाट्याऐवजी निकड हा निकष ठरतो. युरोपची सेंटिनेल-२ मालिका मागणीची वाट न पाहता बहुतेक भूभागाचे नियमित चित्रण करते व ते सर्वांस खुले ठेवते.

मात्र सनद तातडीच्या मदतीपुरती आहे; दुष्काळासारखी सावकाश येणारी आपत्ती तिच्या चौकटीत बसत नाही. सेंटिनेल-२ चे चित्रणही दहा मीटरहून सूक्ष्म नसते. त्याहून बारकावा हवा असल्यास मागण्यांचा अग्रक्रम पुन्हा आडवा येतोच.

या क्षेत्रातील निबंधांत प्रत्येक मागणीचे महत्त्व दर्शविणारा भारांक बहुधा आयताच स्वीकारला जातो. तो कोणी आणि कोणत्या निकषावर ठरविला, हेही निबंधात नोंदविले जावे, एवढी किमान अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते.