काजवा खरंच शंभर टक्के कार्यक्षम?

पावसाच्या तोंडावर नागझिऱ्यात काजवे चमकायला लागले, की एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: ‘काजव्याचा प्रकाश थंड असतो, म्हणजे त्याची शंभर टक्के ऊर्जा प्रकाशात बदलते.’ पहिला भाग बरोबर आहे. पण त्यावरून काढलेला दुसरा चूक आहे.

काजव्याच्या शरीरात ल्युसिफेरिनची एटीपी आणि ऑक्सिजनशी अभिक्रिया होते. ल्युसिफेरेज हे विकर ती घडवून आणतं. त्यातून उत्तेजित अवस्थेतलं ऑक्सिल्युसिफेरिन तयार होतं आणि मूळ अवस्थेत येताना प्रकाशकण सोडतं. प्रकाशासाठी काही तापवावं लागत नाही, म्हणून तो थंड. पण प्रत्येक रेणू प्रकाश देतोच असं नाही.

१९६० मध्ये सेलिगर आणि मॅकएलरॉय यांच्या मोजणीत १०० रेणूंमागे सुमारे ८८ प्रकाशकण निघाले. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी पुन्हा मोजलं, तर आकडा ४१ वर आला. दोन्ही मोजण्या फोटिनस पायरॅलिस या अमेरिकन काजव्याच्या विकरावर, प्रयोगशाळेत झालेल्या. नागझिऱ्यातल्या जिवंत काजव्यावर नाही.

शिवाय हे क्वांटम यील्ड आहे, म्हणजे किती रेणूंमागे किती प्रकाशकण. एटीपी बनवायला काजव्याने खर्चलेली ऊर्जा यात धरलेलीच नाही. मग बल्बच्या कार्यक्षमतेशी त्याची थेट तुलना कशी करणार?

म्हणून नेट-पेटच्या नोट्समध्ये टक्केवारी दिसली, की आधी विचारा: कशाचे टक्के? छेदात काय आहे? मोजलं कशावर? तुमच्या सिनॉप्सिसमधल्या आकड्यावर गाईड हेच विचारणार आहेत. आकडा उचलण्याआधी मूळ पेपरमधली पद्धत वाचा.