'डॉ. कोटणीस की अमर कहानी' : एका विवाहाची भाषा

व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) हा चित्रपट देशभक्तिपर म्हणून वाखाणला जातो. तथापि त्याच्या केंद्रस्थानी एक विवाह आहे, आणि त्या विवाहास चित्रपटाने न्याय दिला काय, हा प्रश्न निदान सोलापुरात तरी विचारला जावयास हवा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे येथलेच.

१९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून कोटणीस चीनला गेले. तेथे ते चिनी भाषा शिकले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि १९४१ मध्ये परिचारिका कुओ चिंग-लान यांच्याशी विवाहबद्ध झाले. पुढल्याच वर्षी, ९ डिसेंबर रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. चित्रपटात या मृत्यूचे कारण साथीचा रोग हे आहे. शत्रूच्या हाती सापडणे आणि सुटका हेही पटकथेचेच. असल्या फेरफारांविषयी आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती भाषेविषयी. प्रत्यक्षात पतीने पत्नीची भाषा आत्मसात केली होती. त्या सहजीवनाचा पायाच तो होता. पडद्यावरील चिंग लान मात्र हिंदी बोलते, आणि दोन भाषांमधील अंतर ओलांडण्याचे सारे नाट्य त्यामुळे लोपते. प्रेक्षकांच्या सोयीसाठी हा संकेत अपरिहार्य होता, असा बचाव कोणी करील. पण संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, राणी प्राकृत, आणि प्रेक्षकास त्यात काही अडत नाही. भाषाभेद रंगभूमीवर आणण्याची आपली परंपरा इतकी जुनी असताना शांतारामांसारख्या प्रयोगशील दिग्दर्शकाने तिकडे पाठ फिरवावी, हे खटकते. जयश्री यांचा अभिनय हळुवार आहे (नायक-नायिका प्रत्यक्षातही तेव्हा पतिपत्नीच होती). परंतु त्यांची चिंग लान ही आपल्या घरोघरच्या चित्रपटांतील समर्पित गृहिणीच वाटते, वेष तेवढा परका.

मृत्युशय्येवरील नायक पत्नीला आपल्या घरच्या वाटेचे वर्णन ऐकवतो, तो प्रसंग चित्रपटातील सर्वोत्कृष्ट होय. तेथेही ओढ एकाच दिशेची आहे: सून सासरी यावयाची.

या दांपत्याच्या मुलाचे नाव यिन्हुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत हा द्वंद्व समास; दोन्ही पदे प्रधान. चित्रपटाने त्याचा तत्पुरुष केला. कुओ चिंग-लान यांनी भारतास अनेकदा भेट दिली, परंतु आयुष्य त्या चीनमध्येच जगल्या, आणि २०१२ साली तालियन येथे निवर्तल्या.