भिंतीवरील साक्ष

दिवाणखान्यातील चित्राला एक धनी असतो. रस्त्यावरील भित्तिचित्र मात्र जो पाहील त्याचे. ज्यूडी बाका या चिकाना, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, चित्रकर्तीची ‘लॉस अँजेलिसची महाभिंत’ ही कलाकृती या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

सॅन फर्नांडो खोऱ्यातील तुहुंगा ओढा पूरनियंत्रणासाठी काँक्रीटने बांधून काढलेला आहे. त्याच्या रुक्ष भिंतीवर १९७६ ते १९८३ या काळातील पाच उन्हाळ्यांत बाकांनी चारशेहून अधिक तरुणांकरवी २,७५४ फूट लांबीचा कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगविला. पहिल्या वर्षीच्या मुलांपैकी अनेकांना बालगुन्हेगारांसाठी असलेल्या न्याययंत्रणेने पाठविले होते. ज्यांची नोंद केवळ गुन्ह्यांच्या दप्तरी व्हावयाची, त्यांच्याच हाती येथे कुंचला आला.

इतिहास तरी कुणाचा? मूळचे चुमाश लोक, १९३० नंतरच्या मंदीत मेक्सिकोत धाडलेली कुटुंबे, महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे नागरिक. यांतील सर्वांत प्रभावी प्रसंग मला शावेझ रव्हीनचा वाटतो. तेथील मेक्सिकन वस्तीची जमीन गरिबांसाठी घरे बांधण्याच्या नावाखाली सरकारने घेतली. पुढे ती योजनाच रद्द झाली, आणि त्या जागी १९६२ साली बेसबॉलचे क्रीडांगण उघडले. चित्रात ते क्रीडांगण आकाशातून उतरणाऱ्या यानासारखे दिसते, आणि महामार्गाचे खांब सर्पासारखे वेटोळे घालून एका कुटुंबाची ताटातूट करतात. ‘सार्वजनिक हित’ हा शब्द कायद्याच्या पुस्तकात किती निरुपद्रवी दिसतो! घर गमावणाऱ्याला तो कसा दिसतो, हे एवढ्या थोडक्या रेषांत क्वचितच कुणी दाखविले असेल.

दोषही सांगितले पाहिजेत. प्रसंगांची गर्दी फार होते, आणि काही ठिकाणी पीडितांचे चेहरे सारखेच तेजस्वी होऊन चित्रकर्तीची जागा वकील घेतो. पक्ष खरा असला, तरी युक्तिवाद म्हणजे कला नव्हे. जेथे सर्प व यान यांसारखी प्रतिमा सुचली आहे, तेथे मात्र युक्तिवादाची गरजच उरत नाही.

२०१७ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदणीत या भिंतीचा समावेश झाला. तथापि तिचे महत्त्व त्या शिक्क्याहून मोठे आहे. देवळाच्या भिंतीवर पुराणकथा वाचणाऱ्या आपल्या डोळ्यांना ते सहज उमगावे: समाज ज्या कथा भिंतीवर लिहितो, त्याच पुढील पिढी आपल्या मानते. ज्यांची कथा कोठेच लिहिली गेली नव्हती, त्यांना बाकांनी अर्धा मैल भिंत मिळवून दिली.